जुन्या गाडीत वेगाचा इशारा: पाच-सात हजारांत काय बसवावं आणि कसं

समृद्धीवर दीड तास १२० च्या आसपास गाडी चालवून सिन्नरला खाली उतरलं की ७० चा वेग बैलगाडीसारखा वाटतो. पाय आपोआप दाबला जातो. पुढे मोहदरी घाटाची वळणं, मग शिंदे-पळसे, मग नाशिकरोडची वस्ती. रस्ता बदलत जातो, पण डोळ्यांना अजून समृद्धीचंच माप असतं. ही डोळ्यांना लागलेली सवय आहे, म्हणून ‘जरा जपून चालव’ एवढं सांगून ती सुटत नाही. कानावर पडेल असा इशारा लागतो आणि तो नेमक्या आकड्याला वाजावा लागतो.

आकड्यानं फरक किती पडतो ते एकदा बघून घ्या. कोरडं डांबर, बरे टायर आणि ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद, असं धरलं तर ८० ला गाडी साधारण ७० मीटरमध्ये थांबते. १०० ला जवळपास १०० मीटर लागतात. वेग पावपटीनं वाढला, पण नुसतं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपटीच्या वर गेलं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. इगतपुरी-घोटीच्या पावसात हे आकडे आणखी ताणा.

आधी गाडीत काय आहे ते बघा

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये वेगाचा इशारा कंपनीकडूनच येतो: ८० ओलांडले की अधूनमधून बीप, १२० च्या वर सतत. सीटबेल्टचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सरही त्याच नियमात आले. पण ८० चा बीप नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवर काय कामाचा? तिथं तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. बऱ्याच गाड्यांत मीटरच्या छोट्या स्क्रीनवर स्वतःचा वेगळा आकडा लावायची सोय असते. ती स्टिअरिंगवरच्या बटणांनी किंवा ट्रिप मीटरची दांडी दाबून धरल्यावर उघडते. मॅन्युअलच्या अनुक्रमणिकेत ‘स्पीड अलर्ट’ शोधा. सापडलं तर शहरासाठी ५५ लावा आणि पुढचा निम्मा लेख सोडून दिलात तरी चालेल.

मीटरचा काटा खरं बोलतो का, हेही तपासून घ्या. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, असा दंडक आहे. त्यामुळे कंपन्या तो मुद्दाम थोडा जास्त दाखवतात आणि काट्यावर १०० असताना खरा वेग ९४ ते ९७ असणं अगदी नेहमीचं आहे. हा तुमच्या फायद्याचा दोष आहे, त्याला हात लावू नका. मात्र टायरचा साइज बदलला असेल तर गणित फिरतं. १८५/६५ आर१५ काढून १९५/६५ आर१५ घातले तर चाकाचा घेर सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. तेवढाच खरा वेग वाढतो आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो.

तपासणीला फक्त मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि शेजारी बसलेला माणूस हवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर काटा एका आकड्यावर धरून ठेवा. शेजारच्यानं एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंतचे सेकंद मोजावेत. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो: ६० सेकंद म्हणजे ६०, ४५ म्हणजे ८०, ३६ म्हणजे १००. दगड कधी कधी दहा-वीस मीटर पुढेमागे रोवलेले असतात, म्हणून सलग तीन-चार किलोमीटर मोजून सरासरी काढा. घड्याळ चालवणाऱ्यानंच मोजायचं आणि गाडी चालवणाऱ्यानं पुढेच बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

खर्च शून्य: हातातला मोबाइल

गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलचा फोटो दाबा, सेटिंग्जमध्ये नॅव्हिगेशन, तिथं ड्रायव्हिंगचे पर्याय आणि त्यात ‘स्पीडोमीटर’ चालू करा. व्हर्जनप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. वेग स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो आणि मर्यादा ओलांडली की रंग बदलतो. अडचण अशी की रंग बघायला डोळे रस्त्यावरून काढावे लागतात. म्हणून वेझ या काहीशा जुन्या वाटणाऱ्या अ‍ॅपचा एक गुण इथं मोठा ठरतो: त्यात मर्यादा ओलांडल्यावर आवाज करायची सोय आहे, आणि किती वर गेल्यावर वाजायचं तेही ठरवता येतं. ५ टक्के ठेवा. शून्य ठेवलंत तर दर मिनिटाला वाजेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच बंद कराल.

मॅपमाय‌इंडियाच्या मॅपल्स अ‍ॅपमध्ये स्पीडब्रेकर आणि वळणांचे इशारेही येतात. रात्री अनोळखी रस्त्यावर, पेठ-सुरगाण्याकडे किंवा वणीहून सप्तशृंगी गडाकडे जाताना, त्यांचा उपयोग वेगमर्यादेच्या आकड्यापेक्षा जास्त होतो. त्या बाजूला नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे नकाशा निघण्यापूर्वी वाय-फायवर डाउनलोड करून ठेवा. जीपीएसला डेटा लागत नाही, नकाशाला लागतो.

मोबाइलच्या वेगाची मर्यादाही लक्षात ठेवा. जीपीएस साधारण सेकंदाला एकदा वेग ताजा करतं आणि १०० च्या वेगात एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. एका वेगानं चालताना हा आकडा काट्यापेक्षा भरवशाचा असतो. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा ब्रेक मारताना तो मागे पडतो.

नाशिकमध्ये दोन ठिकाणी त्याची हमखास फसगत होते. पहिलं ठिकाण म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल. तुम्ही वर आहात की खाली द्वारका चौकाच्या गर्दीत, हे जीपीएसला उंचीवरून नीट उमगत नाही. मग पुलावर असताना खालच्या सर्व्हिस रोडची मर्यादा दिसते, नाहीतर उलटं होतं. पुलावर चढण्याआधी रस्ता निवडलेला असेल, म्हणजे नॅव्हिगेशन चालू असेल, तर ही चूक कमी होते. नुसता नकाशा उघडा ठेवला तर वाढते. दुसरं ठिकाण म्हणजे समृद्धीवर इगतपुरीच्या पुढचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा. आत उपग्रह दिसत नाही, आणि अ‍ॅप शेवटचा वेग धरून अंदाजे पुढे सरकत राहतं किंवा गप्प बसतं. बोगद्यात काट्यावरच भिस्त ठेवा. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. वळवलेल्या रस्त्यावरची मर्यादा नकाशात असेलच असं नाही, तिथं पाटीवर असेल ती खरी.

मोबाइल ठेवायचा कुठं, यात लोक फार चुकतात. काचेच्या मधोमध सक्शन कपावर लटकवला तर नेमक्या डाव्या वळणावर पादचारी त्यामागे लपतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतला कप सुटून मोबाइल पायाशी, कधी थेट पेडलखाली जातो. होल्डर एसीच्या जाळीवर, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला लावा. थंड हवेनं मोबाइलही तापत नाही. जाळीला नुसता चिमटा असलेले होल्डर खड्ड्यात निसटतात, मागून हूक फिरवून घट्ट होणारा २५०-४०० रुपयांचा घ्या. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. ती फुटते तेव्हा समोरची वस्तू गोळीसारखी येते. आणि कायद्याचं म्हणाल तर मोबाइल फक्त रस्ता बघण्यासाठी, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायला मुभा आहे. हातात धरून बोलणं किंवा टाइप करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं. वेगमर्यादा मोडली तर कलम १८३, हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये. तेवढ्यात चारही चाकांचं बॅलन्सिंग होऊन पैसे उरतात.

काचेवर आकडा: हेडअप डिस्प्ले

ज्यांना मोबाइल समोर नकोच असतो, त्यांच्यासाठी डॅशबोर्डवर ठेवायचा आणि काचेत वेगाचा आकडा उमटवणारा छोटा डबा मिळतो, साधारण १२०० ते २५०० रुपयांना. तो दोन प्रकारचा असतो. जीपीएसवर चालणारा कुठल्याही गाडीत, अगदी २००५ च्या मारुतीतही, चालतो. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये वायर घातली की झालं. ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटवर, चालणारा गाडीच्या संगणकाकडून वेग घेतो, त्यामुळे बोगद्यातही बिनचूक राहतो, पण त्याला गाडीची साथ लागते.

ओबीडीचं सॉकेट स्टिअरिंगखाली, पेडलांच्या वर, गुडघ्याच्या आसपास असतं. ते १६ पिनांचं आणि वरून रुंद, खालून अरुंद असं दिसतं. टॉर्च लावून वाकून बघा. काही गाड्यांत फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे लपलेलं असतं. २०१३ नंतरच्या गाड्यांत ते सहसा नीट बोलतं. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट असूनही प्रमाण भाषेत माहिती येत नाही, म्हणून दुकानदाराला ‘आधी लावून दाखवा, मग पैसे’ असं म्हणायला लाजू नका.

लावल्यावर दोन सेटिंग करायच्या. पहिली वेगाची दुरुस्ती. ओबीडीचा आकडा आणि खरा वेग यांत एक-दोन टक्के तफावत असू शकते, म्हणून मोबाइलच्या जीपीएसशी ८० ला ताडून बघा आणि डिस्प्लेच्या मेनूत टक्के जुळवा. दुसरी बंद होण्याच्या व्होल्टेजची, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. ओबीडीच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट किल्ली काढल्यावरही चालू असतो. डबा गाडी बंद झाल्याचं व्होल्टेजवरून ओळखतो: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, बंद झाल्यावर १२.६ च्या आसपास. म्हणून कंपनी मर्यादा १३.२ ला ठेवते. पण अलीकडच्या, पेट्रोल वाचवण्यासाठी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) अधूनमधून मोकळा सोडणाऱ्या गाड्यांत चालू रस्त्यावरही व्होल्टेज १२.८ वर येतं. डिस्प्ले मध्येच विझतो आणि माणूस ‘माल खराब निघाला’ म्हणून परत करायला जातो. अशा गाडीत मर्यादा १२.७ ला आणा. मग उलटी तक्रार आली, म्हणजे गाडी बंद करूनही तो पाच-दहा मिनिटं चालू राहिला, तर बिघडत नाही. दोन आठवडे गावाला जाणार असाल तर मात्र उपटून ठेवा.

काचेवर आकडा दोनदा, एकावर एक दिसतो, कारण काच दोन थरांची असते. सोबत येणारी पारदर्शक फिल्म लावली की एकच राहतो. फिल्म लावताना काच आतून शाम्पूच्या पाण्यानं पुसा, फिल्म ओली करून ठेवा, एटीएम कार्डाच्या कडेनं मधून बाहेर पाणी काढा. जागा ठरवायला डबा रात्री ठेवून बघा: आकडा बॉनेटच्या कडेच्या किंचित वर, नजरेच्या रेषेखाली आला पाहिजे. पोलराइज्ड गॉगल लावला तर दिवसा आकडा फिका पडतो किंवा गायब होतो. डबा खराब नाही, गॉगलचा तो धर्मच आहे.

वेगाचा इशारा दोन टप्प्यांत लावता येत असेल तर ६० आणि १०० ठेवा. एकच टप्पा असेल तर जिथं तुमचं रोजचं येणं-जाणं आहे तो आकडा ठेवा, वर्षातून दोनदा होणाऱ्या नागपूरच्या फेरीचा नव्हे.

ईएलएम३२७ नावाचे ब्लूटूथ ॲडॅप्टर ४०० रुपयांपासून मिळतात आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर या अ‍ॅपना जोडून वेगासकट इंजिनचं तापमानही दाखवतात. मूळ कंपनीनं १.५ व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, तरी बाजारात तेच सगळ्यात जास्त दिसतं. नक्कल असली तरी वेग वाचायला ती पुरते. वाईट नक्कल ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडा दोन-तीन सेकंदांनी उड्या मारत बदलतो. आयफोनला साधं ब्लूटूथ चालत नाही, बीएलई (कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) किंवा वाय-फायचा ॲडॅप्टर लागतो. जोडणीचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००.

टायरची हवा सांगणारे सेन्सर: पैसे इथं आधी घाला

डॅशकॅम दिसतो म्हणून लोक तो आधी घेतात. आमचं मत उलटं आहे. महामार्गावर जाणाऱ्या जुन्या गाडीला पहिली गरज टायरच्या सेन्सरची. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि तापलेला टायर १०० च्या वर फुटायला निमित्त शोधत असतो. लांब, सरळ सिमेंटचा रस्ता आणि एकसारखा वेग असेल तर थंड व्हायला उसंतही मिळत नाही. कॅमेरा झालेलं दाखवतो. सेन्सर अर्धा तास आधी ओरडतो.

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे बाहेरचे चार सेन्सर आणि सौरपट्टीवर चालणारा डिस्प्ले १५०० ते ३५०० रुपयांत येतो. बसवायला पंक्चरवाल्याचीही गरज नाही, पण क्रम चुकवू नका.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, हवा भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. समजा ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतात, म्हणून दोन-तीन किलोमीटरच्या आतला पंप निवडा किंवा घरीच १२ व्होल्टचा पंप वापरा. मग व्हॉल्व्ह तपासा: बोटानं वाकवून मुळाशी बारीक भेगा दिसतात का बघा. भेगा असतील तर सेन्सर लावूच नका. आठ-दहा ग्रॅमचं वजन वेगात फिरताना रबरी व्हॉल्व्हला बाहेर ओढतं आणि जुना व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, म्हणजे उपाय हाच अपघाताचं कारण होतो. नवीन व्हॉल्व्ह टायर उतरवून शंभरभर रुपयांत बसतो, धातूचा बसवला तर आणखी बरं.

सेन्सरवर जागा लिहिलेली असते, पुढचा डावा, पुढचा उजवा वगैरे. आधी चोरी टाळायची चपटी नटची चकती व्हॉल्व्हवर खालपर्यंत फिरवा, मग सेन्सर फक्त हातानं घट्ट करा, मग चकती उलटी फिरवून सेन्सरला भिडवा आणि सोबतच्या पान्यानं किंचित आवळा. पान्यानं सेन्सर आवळला तर आतला रबराचा वायसर चिरडतो आणि हवा तिथूनच हळूहळू जाते. शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा, बारीक गळती लगेच दिसत नाही.

डिस्प्लेवर खालची मर्यादा १५ टक्के कमी, म्हणजे ३३ ला २८, आणि वरची २५ टक्के जास्त, म्हणजे ४१ ठेवा. वरची मर्यादा ३६ वर ठेवणारे दर उन्हाळ्यात बीप ऐकून वैतागतात. हवा दर ६ अंशांना साधारण १ पीएसआयनं बदलते. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला पारा १० वर असताना भरलेले ३३ मेच्या दुपारी, गाडी न चालवताही, ३८ च्या आसपास दिसतात. तेव्हा हवा काढू नका. उलट उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीत २८ वर येऊन पहाटेच बीप वाजेल. पंक्चर नसतं, निफाडकडची थंडी असते.

आतले सेल सीआर१६३२ जातीचे, वर्ष-दीड वर्ष चालतात. टायर रोटेशन केल्यावर सेन्सर आपापल्या जागी परत लावायचे, नाहीतर डिस्प्ले पुढचा डावा सांगेल आणि हवा जात असेल मागच्या उजव्याची. आणि सेन्सर टायरचं वय सांगत नाही. बाजूवर चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी असा टायर लांब पल्ल्याला नेण्याआधी जाणकाराला दाखवा.

डॅशकॅम: स्वतः बसवायचा असेल तर

अडीच ते सहा हजारांत बरा कॅमेरा मिळतो. घेताना तीन गोष्टी विचारा. आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर? उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते, कपॅसिटर टिकतो. जीपीएस आहे का? असेल तर वेग आणि ठिकाण चित्रात छापलं जातं. अर्थात हा आकडा तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, हे मनाशी ठेवून चालवा. आणि वेळ +५:३० ला लावता येते का? स्वस्त कॅमेऱ्यांत अर्ध्या तासाचा फरक घेताच येत नाही, आणि चुकीच्या वेळेचं चित्रण विमा कंपनीपुढे ठेवताना नाहक फाटे फुटतात.

कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. साधं कार्ड सतत लिहिण्यानं सहा महिन्यांत मान टाकतं, तेही न सांगता. फुल एचडीला तासाला सुमारे ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत आठ-नऊ तास, त्यानंतर जुनं पुसून नवीन लिहिलं जातं. धक्का ओळखणारा जी-सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशील ठेवा. जास्त ठेवलात तर प्रत्येक खड्डा अपघात समजून फाइल कुलूपबंद होते, कुलूपबंद फाइल पुसली जात नाही आणि कार्ड भरून कॅमेरा थांबतो. आपल्या रस्त्यांवर हे पंधरा दिवसांत होतं.

जागा आरशामागे, डाव्या बाजूला, वायपरच्या पट्ट्यात. वायर छताच्या अस्तरात बोटानं सरकवत नेऊन डाव्या खांबाशी आणा. खांबावर ‘एअरबॅग’ लिहिलं असेल तर थांबा. तिथं वायर एअरबॅगच्या पुढून आडवी गेली तर ती उघडताना अडते. खांबाच्या आत हात न घालता दाराच्या रबराखालून खाली आणा, तेवढ्यानं काम भागतं. पुढे सॉकेटमध्ये घातली की संपलं.

गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर फ्यूजबॉक्समधून वीज घ्यावी लागते. वायर सोलून, गुंडाळून टेप मारणारा कारागीर भेटला तर त्याला नमस्कार करून परत या. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जास्तीची वायर काढून देणारा जोड, वापरा, ३०-४० रुपयांना मिळतो, कुठलीही वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वादही होत नाही. फ्यूजचा आकार मिनी, लो-प्रोफाइल की मायक्रो हे आधी एक काढून बघा. कॅमेऱ्याची एक वायर किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या सॉकेटच्या फ्यूजवर, एक कायम चालू असणाऱ्या आतल्या दिव्याच्या फ्यूजवर, आणि काळी वायर बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टखाली. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या संगणकाचे फ्यूज सोडून द्यायचे. टॅपमध्ये कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

टॅपची दिशा कशी ओळखायची? जुना फ्यूज न घालता, फक्त नवीन फ्यूज ठेवून टॅप लावा. कॅमेरा सुरू झाला तर बरोबर. नाही झाला तर टॅप फिरवून लावा; उलटा राहिला तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. हार्डवायर किटमध्ये, म्हणजे कॅमेरा फ्यूजबॉक्सला जोडायच्या वायरसंचात, बॅटरी वाचवायची मर्यादा १२.२ किंवा १२.४ व्होल्टला ठेवा. ११.८ वर ठेवून चार दिवस गाडी न हलवणाऱ्याची सोमवारची सकाळ धक्का मारण्यात जाते.

कॅमेऱ्यातच येणारा ‘पुढची गाडी जवळ आली’ हा इशारा शहरात बंद ठेवा. मुंबई नाक्यावर तो सतत वाजतो आणि मग महामार्गावरही कान त्याला सरावतात. आणि रात्री पिंपळगाव-लासलगाव रस्त्यावर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली कांद्याची ट्रॉली तो ओळखेलच असं नाही. तिथं वेग हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच हवा.

उरलेलं थोडक्यात

आरशावर चिकटवायचे बहिर्गोल छोटे आरसे शंभर-दीडशेत मिळतात. आरशाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावा, डावीकडून घुसणारी दुचाकी दिसते. २०१९ पूर्वीच्या गाडीला मागचे चार पार्किंग सेन्सर हजार-दीड हजारात बसतात. बंपरला भोक पाडताना सोबतचाच कटर वापरा आणि जमिनीपासून ५० ते ६० सेंटीमीटर उंची ठेवा. खाली बसवले तर उताराला जमीनच अडथळा वाटते.

टॅक्सी परवान्याच्या गाडीला स्पीड गव्हर्नरचे नियम वेगळे आहेत, खासगी गाडीला तो सक्तीचा नाही. घरातलं तरुण मूल गाडी नेत असेल तर वेगाचा निरोप मोबाइलवर पाठवणारा जीपीएस ट्रॅकर २००० ते ३००० रुपयांत मिळतो, वर सिमचं वर्षाचं भाडं. ओबीडीत घालायचा घेतला तर हेडअप डिस्प्लेला जागा उरत नाही, म्हणून वायरचा घ्या. बसवला आहे हे त्याला आधी सांगा. लपवून बसवलेला सापडला की पहिल्या दिवशी उपटला जातो. मर्यादा ८० ला ठेवा आणि सलग २०-३० सेकंद ओलांडल्यावरच निरोप यावा अशी सेटिंग असेल तर ती वापरा. ओव्हरटेक करताना क्षणभर ८४ झाले म्हणून फोन वाजला, आणि तो फोन तुम्ही त्याला गाडी चालवत असतानाच लावलात, तर खर्च वाया.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅमेऱ्याचं कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, गाडी गार असताना साध्या गेजनं एक टायर मोजून सेन्सरशी ताडा आणि काच आतून पुसा.